बारा मुकी मशीनं

ऑपरेटरताईंना दिसत नाही हे नव्या माणसाच्या लक्षात यायला चांगली पाच मिनिटं लागतात. कारण त्या दारातच सांगून मोकळ्या होतात, "या, पण त्या भिंतीकडच्या खुर्चीत बसू नका, तिचा एक पाय अधू आहे." माणूस दुसरी खुर्ची ओढतो, बसतो, बोलायला लागतो आणि मग केव्हातरी सहीसाठी कागद पुढे करतो, तेव्हा त्याची ट्यूब पेटते. त्यानंतर तो एकदम हळू आणि गोड आवाजात बोलू लागतो. या गोड आवाजाचा ताईंना मनापासून तिटकारा आहे. "मला दिसत नाही, ऐकू येतं," असं त्या तोंडावर सांगतात. जन्मापासून दिसत नसल्यामुळे त्याचं त्यांना कौतुक नाही आणि त्याचं रडगाणंही त्या कधी गात नाहीत.

'ऑपरेटर' हे नाव चिकटलं ते जुन्या नोकरीवरून. बावीस वर्षं त्या एका मोठ्या दवाखान्यात टेलिफोनच्या बोर्डावर होत्या. चारशे नंबर तोंडपाठ. कुठला डॉक्टर फोन उचलतो आणि कुठला 'राउंडवर आहे म्हणून सांगा' म्हणतो, हे त्यांना घंटी वाजायच्या आत ठाऊक असे. मग एक दिवस आपोआप फोन जोडणारी पेटी आली आणि ताई कागदोपत्री 'जादा' ठरल्या. माणूस जादा कसा होतो, हे त्यांना अजूनही कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

जादा माणसांना कुठेतरी बसवावं लागतं. ताईंना सार्वजनिक ग्रंथालयात चौकशीच्या खिडकीत बसवलं. त्या खिडकीत दिवसभरात दोन माणसं चौकशीला येत, आणि त्यातलं एक स्वच्छतागृह कुठे आहे म्हणून विचारी. ताई म्हणायच्या, "पगार मिळतो, पंखा आहे, आणि दिवसातून एकदा मी कुणाच्या तरी अत्यंत निकडीच्या कामी येते." हे त्या हसत सांगायच्या. पण घरी गेल्यावर पाठ दुखते म्हणून लवकर पडायच्या. काम करून पाठ कधी दुखली नव्हती त्यांची. बसून दुखायला लागली.

ग्रंथालयाच्या तळमजल्यावर मात्र एक खोली होती, जिच्या दारात ताईंचे कान टवकारायचे. ती होती श्रवणकक्ष. तिथे बारा संगणक होते, पण त्यांना सगळे मशीनं म्हणत. न दिसणारी माणसं येऊन हेडफोन लावत आणि मशीन त्यांना पुस्तकं, पत्रं, बातम्या वाचून दाखवी. बाराही मशीनांवर लिनक्स होतं, कारण वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्याच्यासोबत आयताच मिळतो. ताई जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन बसू लागल्या. आधी ऐकायला, मग शिकायला, मग बिघाड काढायला. चार वर्षांत त्यांनी कानांनी जेवढं लिनक्स शिकून घेतलं तेवढं डोळेवाले डोळ्यांनी शिकत नाहीत. त्या खोलीची देखभाल करणारा माणूस दुसरीकडे निघून गेला, तेव्हा ताई ग्रंथालयाच्या अधीक्षक मॅडमसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी करते ते काम," त्या म्हणाल्या.

मॅडम कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. हे दोन्ही एकत्र असू शकतं, यावर ग्रंथालयातल्या फार थोड्यांचा विश्वास होता. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "सहा महिने बघू. जमलं तर कायम. नाही जमलं तर परत खिडकी."

सहा महिन्यांतले पाच महिने आणि तीन आठवडे छान गेले. शेवटच्या आठवड्यात तपासणी आली.

गेल्या वर्षीच्या तपासणीत वरच्या साहेबांनी शेरा मारला होता की श्रवणकक्षातल्या संगणकांचे पडदे जुने, अंधूक आणि अनाकर्षक आहेत. ज्या खोलीत पडद्याकडे कुणीच बघत नाही तिथले पडदे अनाकर्षक! पण शेरा तो शेरा. सोमवारी नवे मॉनिटर आले. त्यांची वायर जुन्या मशीनांत बसेना, म्हणून कंपनीच्या माणसाने एकेका मशीनमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं. आठ मशीनं झाली आणि कार्डं संपली. उरलेल्या चार मशीनांचे जुने पडदे शिपायाने पुसून जरा चकचकीत केले.

आणि मंगळवारी सकाळी ती आठ मशीनं मुकी झाली.

कारण ताईंनी दहा मिनिटांत शोधलं. नव्या कार्डातून मॉनिटरकडे चित्र जातं तसा आवाजही जातो. म्हणजे त्या मशीनांत आता आवाजाचे दोन भाग झाले होते, एक जुना आणि एक नव्या कार्डावरचा. मशीनांनी आपला आवाज नव्याच्या हवाली केला होता, आणि त्या देखण्या मॉनिटरांना स्पीकरच नव्हते. मशीनं बोलत होती, पण एका भिंतीशी.

"साहेबांना दिसावं म्हणून आपल्याला ऐकू येईनासं झालं," ताई म्हणाल्या. चार नंबरच्या मशीनवर बसलेले मास्तर खो खो हसले.

हे मास्तर चाळीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाले, आणि नंतर दोन वर्षांत त्यांची दृष्टी गेली. पहिले काही महिने ते घराबाहेरच पडले नाहीत. मग मुलीने हाताला धरून श्रवणकक्षात आणून बसवलं. ताईंनी त्यांना कळफलक शिकवला, बोट धरून, एकेक अक्षर. आता ते रोज दहाला येत आणि आयुष्यभर वर्गात घातलेली भूमितीची कोडी लिहून काढत. आकृती काढता येत नाही म्हणून सगळं शब्दांत. एकशे साठ झाली होती. त्यांचं मशीन जुन्या पडद्याच्या चारांपैकी होतं, त्यामुळे ते अजून बोलत होतं.

आता चूक कशी झाली ते सांगायला हवं, कारण ती निष्काळजी माणसाची चूक नव्हती.

लिनक्सच्या पोटात, ज्याला कर्नल म्हणतात तिथे, ड्रायव्हर नावाचे प्रोग्रॅम असतात. प्रत्येकाला एका प्रकारच्या भागाशी बोलता येतं. कुणी प्रिंटर सांभाळतो, कुणी नेटवर्क, कुणी आवाज. ताईंनी आपला बोलका लॅपटॉप नेटवर्कच्या वायरीने नऊ नंबरच्या मुक्या मशीनला जोडला आणि त्याच्या आतल्या भागांची यादी मागवली. यादी लांबलचक होती. ताईंनी मॉनिटरच्या आवाजाची ओळ शोधून थेट तिथेच उडी मारली. खाली लिहिलं होतं, हा भाग अमुक ड्रायव्हर सांभाळतो. नाव मिळालं! बावीस वर्षं बोर्डावर काढलेल्या बाईच्या बोटांना एक वायर आणि एकच भोक एवढंच माहीत. एक ड्रायव्हर म्हणजे एक भाग, असं त्यांच्या मनाने न विचारताच धरून टाकलं. हा मॉनिटरच्या आवाजाचा ड्रायव्हर. याला हाकलला की आवाज झक मारत जुन्या जागी येईल.

त्यांनी त्या ड्रायव्हरचं नाव काळ्या यादीत टाकणारी आज्ञा लिहिली, म्हणजे मशीन सुरू होताना त्याला आत घ्यायचंच नाही. आणि वेळ वाचावा म्हणून ती बाराही मशीनांना एकदम दिली. ज्या चार मशीनांत नवं कार्ड नाही तिथे तो ड्रायव्हर असणारच कशाला, मग दिली काय आणि न दिली काय!

"मास्तर, लिहिलेलं साठवून ठेवा, मशीनं बंद करून चालू करतेय."

"ठेवलं बुवा."

मशीनं बंद झाली. पंखे पुन्हा घरघरले. सुरू झाल्यावर मशीन 'टुण्' असा आवाज करतं आणि बोलू लागतं. ताई तो 'टुण्' ऐकायला कान देऊन उभ्या राहिल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. बारांतून एकही हूं की चूं नाही.

"ताई," मास्तर जरा वेळाने म्हणाले, "माझं पण गेलं वाटतं."

ताई चार नंबरपाशी गेल्या, हेडफोन कानाला लावला. काही नाही. आतला तो बारीक सूंऽऽ आवाजसुद्धा नाही.

मॅडम आल्या तेव्हा ताई उभ्याच होत्या. कंपनीच्या माणसाला फोन लावून झाला होता. तो म्हणाला होता की जुनी मशीनं आहेत, त्यांच्यात जीव ओतण्यापेक्षा नवीच मागवा.

"काल बाराही बोलत होती," मॅडम म्हणाल्या. "सकाळी आठ बंद पडली. आता बारा. आपण नक्की कुठल्या दिशेने चाललोय, ताई?"

"आठ कार्डामुळे बंद पडली. चार माझ्या हातून," ताई म्हणाल्या. "का ते अजून कळलं नाही. पण माझ्याच हातून."

मॅडमनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाल्या, "शुक्रवारी साहेब येणार. गुरुवार संध्याकाळपर्यंत वेळ घ्या. नाही झालं तर मला खोलीला कुलूप लावावं लागेल. आणि तुमच्या अहवालात मी जे झालं तेच लिहिणार, हे आत्ताच सांगून ठेवते."

"तेच लिहा," ताई म्हणाल्या.

मास्तरांनी मुलीला फोन करून बोलावून घेतलं नाही. ते नेहमीप्रमाणे पाचपर्यंत मुक्या मशीनसमोर बसून राहिले. ताईंनी विचारलं, कशाला बसलात, तर म्हणाले, "घरी तरी काय आहे? इथे निदान पंख्याखाली मुकं बसतोय." ताईंना त्या वाक्याने जेवढं लागलं तेवढं मॅडमच्या बोलण्याने लागलं नव्हतं. खिडकीतली ती बसून दुखणारी पाठ त्यांना आठवली. आपण या माणसाला पुन्हा तिथेच नेऊन बसवलं, असं त्यांना वाटलं आणि रडूच आलं.

घरी नवऱ्याचं शिवणयंत्र चालू होतं. नवरा शिंपी, पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत संसार. बोलायला लागला की थांबत नाही, पण ताईंच्या पावलांवरून त्याला सगळं कळतं. त्याने यंत्र थांबवलं.

"काय गं, मशीनने तोंड फिरवलं का?"

"बारांनी." ताईंनी सगळं सांगितलं. "अहो, एकाला गप्प करायला गेले आणि सगळी गप्प झाली."

"म्हणजे बाही चुकली म्हणून तू अख्खा शर्टच कापलास."

"चेष्टा नका करू."

"चेष्टा नाही गं. मीपण कापलाय. लग्नाच्या आदल्या वर्षी. गिऱ्हाईक अजून त्या रस्त्याने येत नाही." मग त्याने त्यांच्यापुढे चहा ठेवला. "आज कशाला हात लावू नकोस. चिडलेल्या हातात कात्री देऊ नये."

ताईंनी त्या संध्याकाळी खरंच कशाला हात लावला नाही. बुधवारी सकाळी चहा व्हायच्या आत मात्र लॅपटॉप मांडीवर घेतला. एकच प्रश्न डोक्यात घुमत होता: हा माझा लॅपटॉप तर बोलतोय, मग याचा आवाज कोण सांभाळतंय?

त्यांनी भागांची यादी मागवली. या वेळी उडी मारली नाही. पहिल्या ओळीपासून एकेक ओळ ऐकली. आवाजाचा भाग आला. खाली ड्रायव्हरचं नाव आलं. ताईंनी ती ओळ पुन्हा ऐकली, मग एकेका अक्षराने ऐकली. तेच नाव! काल ज्याला बाराच्या बारा मशीनांतून हाकलून दिला, तोच आत्ता त्यांच्या कानात बसून स्वतःचं नाव सांगत होता.

तो मॉनिटरचा ड्रायव्हर नव्हताच. तो आवाजाच्या त्या सगळ्या भागांचा ड्रायव्हर होता. नवा भाग, जुना भाग, मास्तरांच्या मशीनमधला, ताईंच्या मांडीवरचा. एक ड्रायव्हर आणि त्याच्या हाताखाली किती भाग, हे काल त्यांनी विचारलंच नव्हतं.

"अहो!" त्या ओरडल्या. "कालच याच्यावर करून बघायला हवं होतं!"

"मग हाही मुका झाला असता," आतून नवरा म्हणाला.

"तेच तर म्हणतेय! एकच झाला असता, आणि मला लगेच कळलं असतं!" आणि त्या काल दुपारपासून पहिल्यांदा हसल्या.

विचारायची जागाही त्यांना ठाऊक होती, कालच्या घाईत आठवली नव्हती एवढंच. लिनक्समध्ये 'सिस' नावाचा एक फोल्डर असतो. त्यात बस, त्यात पीसीआय, त्यात ड्रायव्हर्स, आणि त्यात प्रत्येक ड्रायव्हरच्या नावाचा एक फोल्डर. तो उघडला की या घडीला त्या ड्रायव्हरच्या हाताखाली कोणकोणते भाग आहेत त्यांचे पत्ते मिळतात. ताईंनी आपल्या लॅपटॉपवर तो उघडला. एकच पत्ता होता. शून्य शून्य, एक एफ, तीन.

साडेनऊला त्या श्रवणकक्षात हजर होत्या. आधी चार नंबर. लॅपटॉप जोडून काळ्या यादीतून नाव काढलं, मशीन बंद करून चालू केलं. 'टुण्!' मास्तर दहाला आले तेव्हा त्यांचं मशीन बोलत होतं. त्यांनी हेडफोन लावला, आणि बराच वेळ काहीच टाइप केलं नाही, नुसती कालची कोडी ऐकत बसले.

मग जुन्यांपैकी बाकीची तीन. तीही बोलली. मग नऊ नंबर. तिथेही आधी काळ्या यादीतून नाव काढलं, मशीन चालू केलं, तर ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये दोन पत्ते निघाले. एक तोच, शून्य शून्य, एक एफ, तीन. दुसरा शून्य एक, शून्य शून्य, एक. कालची ताई असती तर दुसरा नवाच असणार म्हणून मोकळी झाली असती. आजच्या ताईंनी दोन्ही पत्ते यादीशी ताडून बघितले. दुसरा मॉनिटरचा, हे दोनदा ऐकलं, तेव्हा कुठे पटलं. त्या फोल्डरमध्येच एक फाइल असते. तिच्यात एखादा पत्ता लिहिला की ड्रायव्हर तेवढा एक भाग हातातून सोडतो, बाकीच्यांना धक्का लावत नाही. ताईंनी तो पत्ता लिहिला, वाचणारा प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला, आणि नऊ नंबर बोललं.

"उसवलीस का बाही?" नवऱ्याने दुपारी फोनवर विचारलं.

"एक उसवली. सात राहिल्या. आणि मशीन बंद केलं की ही बाही आपोआप परत शिवली जाते!"

म्हणून मग मशीन सुरू होताना, बोलू लागायच्या आधीच तो पत्ता लिहिला जाईल अशी सोय करावी लागली. ती आज्ञा ताईंनी सगळ्या मशीनांना एकदम दिली नाही. आठही मशीनांपुढे स्वतः बसल्या, प्रत्येकाचा फोल्डर उघडला. शिपाई म्हणाला, "ताई, सगळी सारखीच तर आहेत, मी बघितलंय ना कार्ड घालताना." पण अकरा नंबरमध्ये कंपनीच्या माणसाने कार्ड दुसऱ्याच खाचेत घातलं होतं आणि त्याचा पत्ता वेगळा निघाला. सरसकट एकच आज्ञा दिली असती तर अकरा नंबर मुकंच राहिलं असतं. ताईंनी एक फाइल केली: मशीन नंबर, आवाजाचा ड्रायव्हर, त्याच्या हाताखालचे पत्ते, त्यातला कुठला सोडवला आणि का. गुरुवारी चार वाजता बाराही मशीनांच्या हेडफोनच्या वायरी काढल्या, म्हणजे आवाज मशीनच्या आपल्या स्पीकरवर येतो, आणि सगळ्यांना एकदम बोलायला लावलं. असला गोंगाट त्या खोलीत कधी झाला नव्हता. वरून दोन वाचक तक्रार घेऊन आले.

शुक्रवारी साहेब आले. मॉनिटरांसमोरून फिरले, "वा, छान उजेड आहे," म्हणाले आणि चार मिनिटांत गेले.

शनिवारी मॅडम स्वतः खाली आल्या. "ताई, तुमचा अहवाल झालाय. वाचून दाखवू?" आवाज नेहमीसारखाच, सपाट. ताईंनी आयुष्यभर आवाजांवरून माणसं ओळखली, पण मॅडमच्या आवाजावरून त्यांना कधी काही कळलं नाही.

"नको मॅडम. फाइल पाठवा. मी ऐकते."

सगळी मशीनं भरलेली होती. मास्तर उठले, आपली खुर्ची पुढे केली आणि हेडफोनची वायर उपटून काढली. "आम्हालाही ऐकू द्या काय ते."

ताईंनी बटण दाबलं. मशीन आपल्या एकसुरी आवाजात वाचू लागलं. विषय. संदर्भ. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की. मंगळवारी श्रवणकक्षातील चार चालू संगणकांचा आवाज सदर कर्मचाऱ्याच्या हातून बंद पडला. खोलीतले बाकीचे हेडफोन एकेक करून खाली आले. ताईंची मान खाली गेली. मशीन थांबलं नाही. सदर चूक त्यांनी त्याच दिवशी स्वतः सांगितली, दुसऱ्या दिवशी स्वतः शोधली, बाराही संगणक स्वतः दुरुस्त केले, आणि पुन्हा कुणाकडून तशी चूक होऊ नये म्हणून प्रत्येक संगणकाची माहिती लिहून ठेवली. या कामासाठी दुसरी व्यक्ती शोधण्याची आवश्यकता नाही. सबब त्यांना श्रवणकक्ष तंत्रज्ञ या पदावर कायम करण्यात येत आहे. प्रत माहितीसाठी, आस्थापना शाखा.

ताईंनी हळूच वरच्या बाणाचं बटण दाबलं. सबब त्यांना श्रवणकक्ष तंत्रज्ञ या पदावर कायम करण्यात येत आहे.

"अहो, ऐकलं की एकदा," मास्तर म्हणाले.

"मशीनचा आवाज नीट येतोय का ते तपासतेय," ताई म्हणाल्या, आणि डोळे पुसून त्यांनी तेच बटण पुन्हा दाबलं.